रात्रीचा ब्रश मोठ्यांच्या हातात: मुलांचे दुधाचे दात आणि हिरड्या कशा सांभाळाव्यात

‘दुधाचेच दात आहेत, पडणारच आहेत’ या एका वाक्यापायी आपल्याकडे कितीतरी दाढा किडू दिल्या जातात. पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडायला लागतात हे खरं, पण दुधाच्या दाढा १० ते १२ वर्षांपर्यंत तोंडात राहायच्या असतात. तिसऱ्या वर्षी किडलेल्या दाढेवर मुलाला अजून सात-आठ वर्षं भाकरी चावायची असते. शिवाय तीच दाढ खालून येणाऱ्या कायमच्या दाताची जागा धरून ठेवते. ती वेळेआधी काढावी लागली की मागची दाढ पुढे सरकते आणि नवा दात वाकडा तरी येतो, नाहीतर हिरडीत अडकून बसतो.

घरात मूल सांभाळताना सगळंच जमत नाही. त्यामुळे आधीच सांगायचं तर, एकच गोष्ट नेटानं करायची असेल तर ती ही: झोपण्याआधी फ्लोराइडची पेस्ट लावून मोठ्या माणसानं मुलाचे दात घासावेत, आणि त्यानंतर पाण्याशिवाय काही तोंडात जाऊ देऊ नये. सकाळचा ब्रशही हवाच. पण झोपेत लाळ जवळजवळ सुटत नाही, आणि दातांवरचं आम्ल धुऊन काढायचं काम तर लाळच करते. रात्री दातावर राहिलेल्या दुधाच्या थराला आठ-दहा तास मोकळं रान मिळतं.

पहिला दात येण्याआधी आणि येताना

बाळाच्या हिरड्या दिवसातून एकदा, आंघोळीच्या वेळी, पुसाव्यात. उकळून गार केलेल्या पाण्यात स्वच्छ सुती कापड भिजवून पिळायचं, तर्जनीला गुंडाळायचं आणि वरची-खालची हिरडी एकेकदा पुसून घ्यायची. इतकंच. यामुळे कीड टळते असं नाही, कारण अजून दातच नाहीत. पण तोंडात बोट घातलेलं बाळाच्या अंगवळणी पडतं आणि पुढे ब्रशशी झटापट कमी होते.

खालचे दोन पटाशीचे दात साधारण सहाव्या ते दहाव्या महिन्यात दिसतात. अडीच-तीन वर्षांपर्यंत वीसच्या वीस दुधाचे दात येतात. कुणाला उशिरा येतात, कुणाला वरचे आधी येतात. वरचे आधी आले तर मामाला जड जातं म्हणतात. मामानं निर्धास्त राहावं. दीड वर्ष झालं तरी एकही दात नसेल तर मात्र डॉक्टरांना दाखवावं.

दात येताना हिरडी हुळहुळते, लाळ गळते, बाळ चिडचिड करतं आणि हाताला लागेल ते चावतं. फ्रिजमध्ये गार केलेलं ओलं कापड किंवा रबरी टीदर चघळायला द्या, पण फ्रीजरमध्ये दगडासारखं गोठलेलं नको. स्वच्छ बोटानं हिरडी चोळली तरी बरं वाटतं. गाजराची कांडी देऊ नका, तुकडा मोडून घशात अडकतो. हिरडी बधिर करणारी जेल लहान बाळाला लावू नका. मधाचं बोट किंवा मधात उगाळलेली गुटी वर्षाच्या आत मुळीच नको, कारण मधातून येणारे जंतू इतक्या लहान बाळाला घातक ठरू शकतात. आणि चांगला सणसणून ताप आला किंवा जुलाब लागले तर ‘दात येतायत’ म्हणून थांबू नका. दातांमुळे एवढा ताप येत नाही. कारण दुसरं असतं.

पेस्ट कोणती, किती

पहिला दात दिसला त्या दिवसापासून ब्रश आणि पेस्ट सुरू. पेस्टच्या नळीवर बारीक अक्षरात फ्लोराइडचं प्रमाण पीपीएममध्ये लिहिलेलं असतं. ते १०००च्या आसपास हवं. मुलांच्या म्हणून मिळणाऱ्या, स्ट्रॉबेरीच्या चवीच्या बऱ्याच पेस्टमध्ये ते निम्मंच असतं, काहींत तर अजिबात नसतं. चित्र बघून नाही, आकडा बघून नळी घ्या. घरातली मोठ्यांची १००० पीपीएमची पेस्ट तिखट लागत नसेल तर तीही चालते. फरक करायचा तो मापात.

तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी. तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी, आणि तो वाटाणाही छोटा. जाहिरातीत ब्रशवर टोकापासून टोकापर्यंत लाटेसारखी पेस्ट दाखवतात, ते माप मुलांसाठी नाही. १००० पीपीएम म्हणजे ग्रॅममागे एक मिलिग्रॅम फ्लोराइड. तांदळाएवढ्या पेस्टमध्ये ते सुमारे ०.१ मिलिग्रॅम भरतं. लहान मूल पेस्ट गिळणारच हे धरूनच हे माप ठरलेलं आहे.

सहा-सात वर्षांपर्यंत कायमच्या दातांचं कवच जबड्यात तयार होत असतं. त्या काळात रोज जास्त फ्लोराइड पोटात गेलं तर दात पुढे पांढऱ्या-तपकिरी डागांचे येतात. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त असतं. पाण्यात लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड असेल तर ते पिण्यायोग्य नाही. अशा गावात आधी पाणी बदलायला हवं, आणि पेस्टबद्दल दंतवैद्याला विचारून घ्यावं.

राखुंडी, कोळसा, मीठ, लाल दंतमंजन यांतल्या खरखरीत कणांनी कवच झिजतं आणि मुलाच्या हिरड्या सोलवटतात. मिश्री म्हणजे तर भाजलेला तंबाखू. आजी लावते म्हणून नातवंडाच्या बोटालाही चिमूटभर लावायची पद्धत काही घरांत अजून आहे; ती आजच बंद करा.

हात कसा धरायचा

बेसिनसमोर उभं राहून, समोरून हात घालून लहान मुलाचे दात नीट घासता येत नाहीत. मान हलते, ओठ आड येतो, मागची दाढ दिसतच नाही. पूर्वी बाळाला न्हाऊ घालताना आजी पाय पसरून पाटावर बसायची, तसं जमिनीवर किंवा पलंगावर बसा. मुलाला उताणं असं निजवा की डोकं तुमच्या मांड्यांमध्ये येईल आणि त्याचे पाय तुमच्या पावलांकडे जातील. आता वरून तोंड सरळ दिसतं, डोकं आपोआप स्थिर राहतं आणि तुमचे दोन्ही हात मोकळे राहतात. फारच वळवळणारं मूल असेल तर दुसऱ्या कुणीतरी त्याचे हात धरून गाणं म्हणायचं.

१. मऊ केसांचा, छोट्या डोक्याचा ब्रश कोरडाच घ्या. पेस्ट बोटानं केसांच्या आत दाबा. वर नुसती ठेवलेली पेस्ट मूल पहिल्याच फटक्यात चाटून टाकतं.

२. डाव्या तर्जनीनं वरचा ओठ उचला. ओठ आतून हिरडीला जोडणारा एक पातळ पडदा मधोमध असतो. तो बोटाखाली झाकून धरा. ब्रशचा दांडा त्याच्यावर आपटला की कळ जाते, आणि ‘ब्रश म्हटलं की रडतं’ यामागे पुष्कळदा एवढंच असतं.

३. सुरुवात वरच्या पुढच्या दातांपासून करा. कीड तिथेच आधी लागते, आणि मुलाचा धीरही सुरुवातीलाच सर्वात जास्त असतो. अर्धे केस दातावर, अर्धे हिरडीच्या कडेवर टेकवून लहान लहान गोल फिरवा. जोर लावू नका. हिरडी ब्रशखाली पांढरी पडत असेल तर दाब जास्त आहे.

४. दाढांची गालाकडची बाजू घासताना तोंड ‘आ’ करायला सांगू नका. तोंड अर्धवट मिटलं की गाल सैल पडतो आणि ब्रश शेवटच्या दाढेपर्यंत जातो. पूर्ण उघडलं की गाल ताणून ब्रश बाहेर ढकलतो.

५. मग ‘आ’. चावायच्या भागावर मागे-पुढे घासा. इथल्या खाचांत बिस्किटाचा लगदा बसलेला असतो, तो मोबाइलच्या उजेडात दिसतोही.

६. शेवटी जिभेकडची आतली बाजू, खालच्या दाढांची विशेष, कारण मुलं स्वतः घासतात तेव्हा ती कायम सुटते.

७. सगळं मिळून दोन मिनिटं. थुंकता येत असेल तर थुंकायला लावा, पण चूळ भरू देऊ नका. चूळ भरली की फ्लोराइड मोरीत जातं. अगदी लहान असेल तर ओल्या कापडानं जास्तीचा फेस टिपून घ्या.

मुलं ‘मी मी’ करतात. करू द्या, आधी त्याला घासू द्या, मग तुम्ही घासा. बुटाची नाडी स्वतः बांधता येण्याएवढी बोटं तयार होईपर्यंत, म्हणजे सात-आठ वर्षांपर्यंत, मनगट ब्रश नीट फिरवू शकत नाही. तीन वर्षांचं मूल ‘ब्रश केला’ म्हणतं तेव्हा त्यानं बहुतेक पेस्ट खाल्लेली आणि ब्रश चावलेला असतो. केस पसरून झाडूसारखे झाले की ब्रश बदला. तसे झाले नाहीत तरी तीन महिन्यांनी बदला. ब्रश उभा, उघडा, इतरांच्या ब्रशला न टेकता वाळू द्या.

दोन दात एकमेकांना टेकले की त्यांच्यामध्ये ब्रश पोचत नाही. दुधाच्या दोन दाढा साधारण तिसऱ्या-चौथ्या वर्षी टेकतात, आणि त्यांच्या फटीत लागलेली कीड बाहेरून महिनोन् महिने दिसत नाही. एके दिवशी पोळी चावताना दाढेचा कोपराच तुटतो. त्यासाठी फ्लॉस, म्हणजे दातांच्या फटीत घालायचा बारीक धागा. दांडीला ताणलेला फ्लॉस मेडिकलमध्ये मिळतो, तो मुलांसाठी सोपा. रात्री ब्रशच्या आधी, दोन दाढांमध्ये करवतीसारखा हळूच हलवत उतरवा, आधी एका दाढेला मग दुसऱ्या दाढेला घासून वर घ्या. झटक्यानं दाबला की हिरडीत रुततो. पुढच्या दातांत फटी असतील तर फ्लॉस लागत नाही, आणि त्या फटी पाहून काळजीही करू नका. कायमचे दात रुंद असतात, त्यांना ती जागा लागणार आहे.

हिरडीतून रक्त आलं तर

पहिली प्रतिक्रिया असते ब्रश थांबवायची. तिथेच चुकतं. हिरडीच्या कडेला साचलेल्या पिवळट, मऊ थरामुळे हिरडी सुजते आणि हात लागताच रक्त येतं. थर काढला नाही तर सूज जाणार कशी? त्याच जागी, मऊ ब्रशनं, रोज दोनदा हळुवार घासत राहा. आठ-पंधरा दिवसांत रक्त थांबतं आणि लालभडक कडा फिकट गुलाबी होतात. तोंड उघडं टाकून झोपणाऱ्या मुलांच्या वरच्या पुढच्या हिरड्या वाळून सुजतात. तिथे नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावं लागतं.

काही वेळा मात्र घरी थांबू नये. ताप, सगळ्या हिरड्या लाल आणि तोंडभर बारीक फोड, मूल पाणीही नाकारतंय: हा विषाणूचा संसर्ग असू शकतो आणि यात शरीरातलं पाणी कमी होण्याचा धोका असतो. हिरड्यांतून रक्त, शिवाय मूल फिकट दिसतंय, अंगावर न लागताच काळे-निळे डाग येतायत: बालरोगतज्ज्ञांकडे लगेच. किडलेल्या दाढेजवळ हिरडीवर पुळी आली असेल तर ती मुळाशी झालेल्या पुवाची वाट आहे. पुळी फुटली की ठणका थांबतो आणि घरचे निश्चिंत होतात, पण पू आत तसाच असतो. गाल सुजून डोळ्याकडे किंवा जबड्याखाली पसरत असेल तर रात्र काढू नका. लवंगेचं तेल हिरडीवर थापू नका, ते मऊ कातडी भाजतं.

रात्रीची बाटली

वरचे चार पुढचे दात हिरडीलगत काळपट-तपकिरी झालेले आणि खालचे मात्र पांढरेशुभ्र, असं तोंड दिसलं की रात्रीच्या बाटलीबद्दल विचारावंच लागतं. बाटलीतलं दूध वरच्या दातांमागे साचतं. खालचे दात जिभेखाली झाकलेले राहतात, आणि तिथे लाळही असते.

वर्षाच्या पुढच्या मुलाची सवय अशी मोडा. आधी दुधातली साखर आणि चॉकलेटी पावडर बंद. मग २०० मिलीच्या बाटलीत तीन रात्री १५० मिली दूध नि ५० मिली पाणी, पुढच्या तीन रात्री अर्धं-अर्धं, मग ५० मिली दूध, आणि दहाव्या रात्रीपासून नुसतं पाणी. बहुतेक मुलं पाण्याच्या बाटलीसाठी जागं राहण्याचे कष्ट घेत नाहीत. दूध सोडायचं नाहीच. ते संध्याकाळी कपानं द्या, मग ब्रश. वर्षाच्या आतल्या बाळाचं दूध पातळ करायचं नाही, हा उपाय त्यांच्यासाठी नव्हे.

अंगावरचं दूध दोन वर्षं आणि त्यापुढेही चांगलंच. दात आल्यावर फक्त एवढं पाहा की झोपण्याआधी दात घासलेले आहेत आणि मूल स्तन तोंडात धरून रात्रभर चघळत नाही.

किती गोड, यापेक्षा किती वेळा

साखर किंवा पीठ दातावर राहिलं की तोंडातले जंतू ते खातात आणि काही मिनिटांत आम्ल तयार करतात. दाताच्या कवचातला चुना विरघळायला लागतो. लाळेला ते निस्तरायला साधारण अर्धा तास लागतो. आता एका साध्या दिवसाची मोजदाद करा: सकाळी साखरेचं दूध, नंतर बिस्किट, अंगणवाडीतून आल्यावर कुरकुरे, दुपारी शेजारच्या काकूंनी दिलेलं चॉकलेट, संध्याकाळी चहात बुडवलेली खारी, बागेत थोडं थोडं करून प्यायलेला ज्यूस. सहा वेळा, म्हणजे तीन तास दात आम्लात. तेच गोड जेवणाबरोबर दिलं असतं तर वेळा निम्म्यावर आल्या असत्या. म्हणून शिरा, श्रीखंड, लाडू जेवणाच्या ताटात वाढा. मधल्या वेळी फळ, शेंगदाणे (पाच वर्षांच्या पुढच्यांना, लहानांना कूट करून), चीज, दही, काकडी, उकडलेलं अंडं. तहानेला पाणी.

गूळ, मध, खडीसाखर, खजूर हे दाताला साखरच. तिळगूळ आणि चिक्की तर चिकटून बसतात. वेफर्स खारट म्हणून निर्धोक वाटतात, पण त्यांचा लगदा दाढेच्या खाचेत टॉफीपेक्षाही जास्त वेळ राहतो. आणखी एक सुटणारी गोष्ट म्हणजे औषधं. खोकल्याची, तापाची सिरप गोड असतात आणि नेमकी झोपताना दिली जातात. आधी औषध, मग ब्रश. होमिओपॅथीच्या साबुदाण्यासारख्या गोळ्याही साखरेच्याच, आणि दिवसातून चार वेळा चघळायच्या.

महिन्यातून एकदा ओठ उचलून पाहा

खिडकीशी उजेडात बसा, वरचा ओठ उचला आणि दात कापडानं कोरडे करा. ओल्या दातावर सुरुवातीची कीड दिसत नाही. हिरडीलगत खडूसारखी पांढरी, मंद रेघ दिसली तर तीच कीडीची पहिली पायरी. खळगा अजून पडलेला नाही, आणि या टप्प्यावर कीड मागे फिरवता येते: रात्रीची बाटली बंद, दोन वेळा फ्लोराइडची पेस्ट आणि दंतवैद्याकडे फ्लोराइड व्हार्निश, जे ब्रशनं लावायचं आणि पाच मिनिटांत होणारं काम आहे. रेघ तपकिरी होऊन खडबडीत लागली तर खळगा सुरू झाला. लोहाचे थेंब चालू असताना दातांवर येणारा काळा थर मात्र कीड नव्हे. तो गुळगुळीत असतो आणि दवाखान्यात पॉलिश करून निघतो.

पहिली तपासणी पहिल्या वाढदिवसापर्यंत, पुढे दर सहा महिन्यांनी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं आणि दातांची कीडही पाहतं. त्यांनी चिठ्ठी दिली तर ती दप्तरात विसरू नका. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांत, मुंबईच्या नायरमध्ये आणि गोव्यात बांबोळीला मुलांच्या दातांचा वेगळा विभाग आहे. जाताना ‘दुखणार नाही’ असं सांगू नका, आणि ‘दंगा केलास तर डॉक्टर इंजेक्शन देतील’ असं तर घरीही म्हणू नका.

खळगा पडलेल्या दाढेवर चांदीचं औषध लावून कीड जागीच थांबवता येते. डाग काळा पडतो, पण लहान मुलाला ड्रिलची गरज लागत नाही. कीड दाताच्या आतल्या नसेला जाऊन भिडली असेल तर मुळाचा उपचार करून स्टीलची टोपी बसवतात. दाढ काढावीच लागली तर जागा राखणाऱ्या तारेबद्दल विचारा.

सहाव्या वर्षी आणखी एक नजर हवी. दुधाच्या शेवटच्या दाढेमागे, काहीही न पडता, चार मोठ्या दाढा येतात. या कायमच्या आहेत. कुणाला पत्ता लागत नाही, त्यांच्या खाचा खोल असतात आणि ब्रश तिथपर्यंत जात नाही. म्हणून पुष्कळदा लवकर किडतात. पूर्ण वर आल्या की खाचा बुजवणारं सीलंट लावून घ्या. दाढ अर्धी बाहेर असताना ती बाकीच्यांपेक्षा खाली असते, तेव्हा ब्रश आडवा घालून फक्त तिच्यावर फिरवा. याच सुमारास खालचे नवे दात दुधाच्या दातांमागे दुसरी रांग धरून येतात. दुधाचा दात हलत असेल तर थांबा, बहुधा तो पडतो आणि जीभ नव्या दाताला पुढे ढकलते. हलतच नसेल तर दाखवा.

पडून दात निघाला तर

आधी दात कोणता ते ठरवा. पाच वर्षांखालच्या मुलाचा पुढचा दात म्हणजे दुधाचा. तो परत बसवू नका, खालच्या नव्या अंकुराला इजा होते. स्वच्छ कापड दाबून रक्त थांबवा आणि दवाखान्यात जा.

सात-आठ वर्षांच्या मुलाचा मोठा, कंगोरेदार कडेचा दात मुळासकट निघाला असेल तर मिनिटं मोजा. दात पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला हात लावू नका, घासू नका, कापडानं पुसू नका. माती लागली असेल तर दूध किंवा पाण्यानं काही सेकंद धुवा, पुढची बाजू पुढे ठेवून खाचेत हलकेच बसवा आणि रुमाल चावून धरायला सांगा. जमलं नाही तर दात वाटीभर दुधात टाका, पाण्यात नको. तोही अर्ध्या तासात दंतवैद्यापर्यंत पोचलेला बरा. दाताचा नुसता तुकडा उडाला असेल तर तो शोधून तसाच दुधात घेऊन जा. सापडला नाही तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण तो फुटलेल्या ओठात रुतलेला असू शकतो, आणि मूल खोकत असेल तर श्वासनलिकेतही.